पेट्रोल आसा मा?

पेट्रोलच्या काट्याच्या एका टोकाला 'ई' आणि दुसऱ्या टोकाला 'एफ' लिहिणारा माणूस मालवणात कधी आलेला नसावा. टाकी एक तर रिकामी असते नाही तर भरलेली, अशी त्याची भाबडी समजूत दिसते. आमच्याकडे टाकी सहसा यांपैकी काहीच नसते. आमची मापे वेगळी आहेत. सगळ्यात वर 'बक्कळ आसा'. हे माप मुंबईकर पाहुण्याने स्वतःच्या पैशाने टाकी भरली तरच वापरात येते. त्याखाली 'होया तितक्या आसा', म्हणजे बंदरावर जाऊन बांगडे घेऊन घरी परतण्यापुरते. मग 'कुडाळाक पोचतली', मग 'चौक्यापर्यंत जातली', मग 'कुंभारमाठाची चढण चढली तर बघूया', आणि अगदी तळाला 'देवाक काळजी'. या शेवटच्या मापावर इथल्या गाड्या वर्षानुवर्षे चालल्या आहेत आणि बहुतेक वेळा पोचल्याही आहेत. त्यामुळे इथे पंपांपेक्षा देवळे जास्त का, हे कोडे मला कधी पडले नाही.

काही नव्या गाड्यांत काटाही नसतो. पडद्यावर सरळ आकडा येतो, की अजून इतके किलोमीटर जाल. आमच्या चिरंजिवांच्या गाडीत तो येतो. आकडा चाळिसाच्या खाली उतरला की चिरंजीव एसी बंद करतात, गाणी बंद करतात आणि आम्हाला बोलणेही बंद करायला लावतात. ज्या जिल्ह्याने मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण होण्याच्या इतक्या तारखा ऐकल्या, त्या जिल्ह्यातला मुलगा एका आकड्यावर एवढा विश्वास ठेवतो, याचे मला वाईट वाटते. संस्कार कमी पडले.

माझी स्वतःची गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे ती जिल्ह्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी. थोरल्या काकांनी ती मुंबईत घेतली आणि निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सोबत आणली. काकांचा प्रॉव्हिडंट फंड पुढे तिच्याच दुरुस्तीत सत्कारणी लागला. मूळची ती इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ती बांधायला घेतली. १९६४ पासून तिचे नाव फियाट ११०० डिलाइट होते, सत्तरच्या दशकात ती चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी झाली, आणि पंचवीसेक वर्षे तिने मुंबईला बसवून फिरवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला मोठ्या मायेने निरोप दिला. आमची खाजगी, त्यामुळे ती अजून आहे. निरोप तिला आम्ही रोज सकाळी देतो. ती चालू झाली की तो मागे घेतो.

लोक तिला कौतुकाने 'व्हिंटेज' म्हणतात, पण ते कायद्याला धरून नाही. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ठरवले, की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मोठे फेरफार न केलेली, धंद्याला न लावलेली गाडीच व्हिंटेज. तिच्या नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. त्या हिशेबाने आमची गाडी २०३४ पर्यंत नुसतीच म्हातारी आहे. पन्नाशी ओलांडल्यावर एकदम मान वाढण्याची ही सोय सरकारने फक्त गाड्यांना दिली, माणसांना नाही. नाही तर वीस हजार मी कुठूनही उभे केले असते.

आता काट्याकडे. पण त्याआधी त्याचे खानदान सांगायला हवे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीच्या डाव्या अंगाला बाहेर एक यांत्रिक मीटर बसवलेला असे. त्यावर पडणारा आकडा म्हणजे भाडे नव्हे. भाडेवाढ झाली की मीटर तोच राही, टॅक्सीवाल्याकडचे छापील कार्ड बदले. उतरताना मीटरवरचा आकडा कार्डात शोधायचा आणि त्याच्यासमोरचे पैसे द्यायचे. लाखो माणसे वर्षानुवर्षे मीटरवर एक वाचून खिशातून दुसरेच काढत होती, आणि मीटर खोटे बोलतो अशी तक्रार फक्त बाहेरगावचे लोक करत. काका त्या मुंबईत मुरलेले. डॅशबोर्डावरचा काटा एक सांगतो आणि टाकीत दुसरेच असते, याने ते कधी दचकले नाहीत. त्यांचे कार्ड डोक्यात होते. "ई दाखवतो ना? मग कुडाळला जाऊन येऊ." "ईच्या जरा वर आहे? दहा-बारा लिटर असतील." "पाव दाखवतोय? टाकी भरलेली आहे. कोणाला सांगू नकोस." काका गेले, गाडी माझ्याकडे आली. कार्ड आले नाही.

त्या काट्याच्या सवयी अशा होत्या. चावी फिरवली की तो कसाबसा पाववर चढे. दिवे लावले की खाली येई. ब्रेक दाबला की ईला टेके, आणि ब्रेक सोडला की पेट्रोल परत. उजवीकडे वळायचा इंडिकेटर दिला की काटा इंडिकेटरबरोबर ठेका धरी. धामापूरच्या रस्त्याला वळणे पुष्कळ. तिथे तर त्याला पाहण्यातच तळे मागे पडे. तिन्हीसांजेला दिवे लागले की टाकी रिकामी आणि सकाळी उठून पाहावे तर पुन्हा थोडे पेट्रोल आलेले. बायकोचे निदान तयार होते: "ही गाडी रातची जास्त पिता." कुंभारमाठच्या चढणीवर आणि उतारावर काट्याची जागा बदले ती वेगळी. तो मात्र त्याचा दोष नव्हे. चढावर टाकीतले पेट्रोल मागे सरकते, उतारावर पुढे येते, आणि हे नव्याकोऱ्या गाडीतही होते. घाटात गाडीचा काटा पाहून जो माणूस खूश होतो, त्याला निवडणुकीचे आकडेही घाटातच दाखवावेत.

किलोमीटर मोजून पेट्रोलचा अंदाज बांधता आला असता. पण किलोमीटरचे चाक कधीच थांबले होते, आणि त्याच्या शेजारचे सगळेच.

काट्यावाचून जगाचे अडले नव्हते, हेही खरे. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोलचा काटा नव्हता. दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेकांत पेट्रोल पाहायचे तर पुढच्या सीटवरच्या मंडळींना उतरवायचे, गादी उचलायची, खालच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवायची. फोक्सवॅगनची बीटलसुद्धा साठीच्या दशकाच्या आरंभापर्यंत काट्यावाचून धावली. पेट्रोल संपल्यागत गाडीने आचका दिला की पायाशी एक खिटी फिरवायची, राखीव साठा सुरू. आणि आपली बजाजची स्कूटर? तिच्या नळाच्या तीन अवस्थांवर एका पिढीचे संसार झाले: चालू, बंद आणि रिझर्व्ह. चाळिशी ओलांडलेला आणि भर रस्त्यात स्कूटर आडवी करून उरलेले थेंब नळाकडे न वळवलेला मराठी माणूस शोधून दाखवा. खरी शोकांतिका तेव्हा व्हायची, जेव्हा नळ रिझर्व्हवर न्यायला हात खाली जाई आणि नळ आधीच तिथे असे. आदल्या दिवशी धाकट्या भावाने गाडी नेलेली असायची. भाऊबंदकीची काही प्रकरणे जमिनीवरून सुरू झाली असे कागदोपत्री दिसते. माझा संशय नळावर आहे.

आम्ही पद्मिनीसाठी हीर वापरत असू. माडाच्या झावळीचा हीर, खराट्यात असतो तोच. एक लांबसा ओढून काढायचा, टाकीत सोडायचा, वर घ्यायचा आणि ओल कुठवर आहे ते पाहायचे. हीर लवचीक असतो, नळीच्या वळणातून आत जातो. फक्त आत जाऊन कुठे टेकला हे त्याला आणि देवालाच ठाऊक. शिवाय पेट्रोल पाहता पाहता उडते, त्यामुळे वाचणारा तरुण डोळ्यांचा लागतो. काडी पेटवून टाकीत डोकावणाऱ्या माणसाची गोष्ट गावोगाव सांगतात. ती सांगणारा तो माणूस स्वतः कधीच नसतो.

काठी म्हणजे अडाण्याचा उपाय असे कोणी समजू नये. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांत खुणा असलेली लांब काठी सोडून साठा पाहण्याची पद्धत आजही आहे. ओल किती सेंटिमीटर ते वाचायचे आणि त्या टाकीच्या तक्त्यातून लिटर काढायचे. पाणी शिरले आहे का ते कळावे म्हणून काठीच्या टोकाला रंग बदलणारी पेस्ट लावतात. म्हणजे ज्यांच्याकडे पेट्रोलचा सागर आहे तेही शेवटी हीरच घालतात, फक्त त्यांच्याकडे तक्ता असतो. मालवण बंदरावर एका होडीवाल्याला मी काट्याची कथा ऐकवली. त्याने होडीतल्या डिझेलच्या कॅनकडे आणि त्याशेजारच्या काठीकडे बोट केले. "दर्यात पंप नाय हा. आमी काठी घालून मोजतो, आणि मगे वर आणखी एक कॅन घेतो."

तरीही काटा दुरुस्त करायचा असे मी ठरवले, आणि ते चारचौघांत बोललो. त्यानंतर आमच्या अंगणाला गजालींची कमतरता पडली नाही. निवृत्त एसटी ड्रायव्हर आले. "काट्याक काय बघतंस? आवाज ऐक गाडयेचो." गॅरेजचे मेस्त्री आले, टाकीखाली आडवे झाले, तिथे थोडा वेळ पडून राहिले (मला वाटते झोपले) आणि म्हणाले, "युनिट बदलूक होया." कुठे मिळेल? "हंय गावूचा नाय. कुर्ल्याक भंगारात बघा." पद्मिनी जन्मली कुर्ल्यात, आणि तिचे सुटे अवयव आता मिळतात तेही कुर्ल्याच्याच सीएसटी रोडवरच्या जुन्या बाजारात. माणसाचे एवढे नीट जमत नाही. गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याने सगळा दोष नव्या पेट्रोलवर ढकलला. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असते, ते जुने रबर आणि कॉर्क खाते, हवेतले पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते, असे तो म्हणाला. त्यात तथ्य आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडे वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि चाळीस वर्षांपूर्वीची रबरे काही ते डोळ्यापुढे ठेवून ओतलेली नव्हती. त्यात आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे ओढायला पाणीही मुबलक. पण इथेनॉल म्हणजे काही अंशी घाटावरच्या उसाचा अल्कोहोल, एवढे कळताच अंगणातली चर्चा तांत्रिक राहिली नाही. "म्हंजे आता गाडी पण घेता?" असे एकाने विचारले आणि मंडळी बराच वेळ त्याच अंगाने बोलत बसली.

मग आले दोन इलेक्ट्रिशियन, एक कुडाळचा आणि एक मालवणचा. दोघे एकाच दिवशी यावेत हा माझ्या बायकोने घडवलेला योग. कुडाळकर म्हणाला, टाकीवरची वायर काढून बॉडीला टेकवा. काटा एफवर गेला तर काटा चांगला, दोष टाकीत. मालवणकर म्हणाला, उलटे! बॉडीला टेकवली की काटा ईवर जायला हवा. दोघे तासभर भांडले. गंमत अशी की दोघेही बरोबर होते. काट्यांच्या दोन जाती आहेत. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या एके काळच्या गाड्यांत शून्य ओम म्हणजे टाकी रिकामी आणि नव्वद ओम म्हणजे भरलेली. पुष्कळशा युरोपीय गाड्यांत याच्या बरोबर उलट, विरोध कमी तितकी टाकी भरलेली. दोघांनी वेगवेगळ्या गाड्यांवर हात बसवला होता, एवढेच. पण 'तुमचंही बरोबर आणि ह्यांचंही बरोबर' हे वाक्य मालवणी भांडणात घालणे म्हणजे दोघांना आपल्यावर घेणे. म्हणून मी चहा आणायला आत गेलो.

हे यंत्र आहे तसे साधे. टाकीत पितळेची पोकळ डबी तरंगते. तिला दांडी. पेट्रोल वरखाली झाले की दांडी हलते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची पत्र्याची जीभ तारेच्या बारीक वेटोळ्यावर घासत सरकते. काट्याकडून आलेली वीज त्या वेटोळ्यातून टाकीच्या पत्र्यात, तिथून गाडीच्या सांगाड्यात आणि बॅटरीकडे परत. वेटोळ्याचा जितका भाग वाटेत येईल तितकी वीज अडते, आणि काटा त्या मानाने उभा राहतो किंवा पडतो. म्हणजे पेट्रोल या पदार्थाशी काट्याची कधी भेटच झालेली नसते. वाट किती अडली एवढे त्याला कळते. अडवणारी डबी आहे की स्क्रूवरचा गंज आहे, हे तो सांगू शकत नाही, आणि तो ते सांगतो असे म्हणालाही नव्हता. आपण त्याला पेट्रोलचा काटा म्हणतो हा आपला आगाऊपणा. जाता जाता सांगतो: पेट्रोलच्या टाकीत वीज सोडतात हे कानावर गेल्यापासून सासूबाई आमच्या गाडीत बसत नाहीत. ती वीज अगदी क्षीण असते आणि यात घाबरण्यासारखे काही नाही, हे मी त्यांना अजून सविस्तर समजावलेले नाही.

तपासणीला दोन माणसे लागतात. एक मागे टाकीशी वायर धरून, एक पुढे काट्याकडे पाहत. मागे मी, पुढे चिरंजीव.

"बघ रे, टेकवतो!"

"हलला! बाबा, हलला!"

"किती?"

"काटा नाही. पाल हलली."

डॅशबोर्डामागे पालीचे बिऱ्हाड होते. तिला तिच्या मर्जीने जाऊ देऊन पुन्हा टेकवली. काटा तडक एफवर. कुडाळकर जिंकला, आणि मालवणकर त्याच दिवसापासून आमच्या घरचे पंखे बघेनासा झाला. म्हणजे काटा चांगला, डॅशबोर्डापासून टाकीपर्यंतची वायरही चांगली. मग मेस्त्रींनी वायर परत टाकीवर जोडली, तारेचा एक तुकडा घेतला, त्याचे एक टोक टाकीतल्या युनिटच्या चकतीवर दाबले आणि दुसरे सांगाड्यावर खरवडून उघड्या केलेल्या लोखंडाला टेकवले. दिवे लावले, ब्रेक दाबला, इंडिकेटर दिला. काटा हलला नाही. त्याचे नाचणे संपले. मला थोडे चुकल्यासारखे झाले.

गुन्हेगार होता खारा वारा. मालवणात लोखंड भाड्याने राहते. समुद्राकडच्या खिडक्यांचे गज, सायकलींच्या साखळ्या, गोदरेजच्या कपाटांचे पाय, सगळ्यांची मुदत ठरलेली. हवेतले मीठ पत्र्यावर बसते, मीठ ओल धरून ठेवते, आणि खारट ओल गंजाची गती वाढवते. तांब्याच्या तारांवर हिरवा कळंक चढतो. गंज विजेला धड वाट देत नाही. आमच्या गाडीत टाकीचे स्क्रू गंजले होते, शेजारच्या मागच्या दिव्यांचे होल्डर गंजले होते, आणि सगळ्यांची परतीची वीज एकाच उरल्यासुरल्या वाटेने दाटीवाटीने जात होती. दिवा लागला की त्याची वीज त्या वाटेत घुसे आणि काट्याची मागे रेटली जाई. ब्रेकचा दिवा अधिक जोराचा, म्हणून रेटाही अधिक. रातची गाडी जास्त पीत नव्हती. रातची वाटेत गर्दी होत होती. उपाय: गंज खरवडायचा, दातेरी वॉशर घालायचा, टाकीपासून सांगाड्यापर्यंत अर्थिंगची स्वतंत्र तार द्यायची आणि जोडांवर व्हॅसलीन फासायचे. तार किरकोळ पैशांची. यात गाडी बनवणाऱ्यांचा काडीचा दोष नाही. चाळीस पावसाळे किनाऱ्यावर काढून कोणाचेही जोड इतपत धरतातच.

पण काटा आता स्थिर झाला तो ईच्या किंचित वर, आणि टाकी तर हिराने अर्ध्याहून जास्त दाखवली. म्हणजे आणखी एक कोणीतरी खोटे बोलत होते. मेस्त्रींनी टाकी बरीचशी रिकामी करून युनिट बाहेर काढले, डबी कानाशी धरून हलवली आणि माझ्या कानाशी दिली. आत खुळखुळ. पेट्रोलवर तरंगायची जबाबदारी जिच्यावर होती ती डबी पेट्रोल पिऊन अर्धवट बुडाली होती. भोक शोधण्याची जुनी रीत म्हणजे डबी कढत पाण्यात बुडवणे. आतले पेट्रोल तापून वाफ होते आणि बुडबुडे भोकाचा पत्ता सांगतात. हे काम चुलीपासून लांब, उघड्यावर करायचे. आम्ही अंगणात केले. पातेले चहाचे निघाले हा वाद निराळा, तो अजून मिटलेला नाही. भोक सुईच्या टोकाएवढे होते.

आता पेट्रोल पुरते उडवलेल्या त्या कोरड्या डबीला डाग देणार कोण? गॅरेजमधला डाग म्हणजे डबीएवढाच गोळा. डबी त्याच्या वजनानेच तळाशी जाती. म्हणून आम्ही सोनाराकडे गेलो. त्याने आधी ती पुसली, मग इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन सांगितले. डाग देऊन झाल्यावर पुन्हा ठेवली आणि किती भर पडली तेही सांगितले. या सबंध प्रकरणात अचूक मोजमाप झाले ते एवढेच. मजुरी त्याने घेतली नाही. डबी उजेडात फिरवून पाहत फक्त विचारले, "ह्या घालतला कोण?"

शेवटचा टप्पा काटा जुळवण्याचा. पंपावर पाच लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप असते आणि गिऱ्हाईकाने मागितले तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. मी मागितले. तिथल्या पोराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मागच्या रांगेतल्या लोकांनी दुसऱ्या रांगा धरल्या. पण माप बरोबर निघाले, मग तिथूनच पत्र्याच्या डब्यातून पेट्रोल घरी आणले. पाच लिटर ओतायचे, काटा ठरेपर्यंत थांबायचे, काचेवर खूण करायची. खुणेला रंग शोधत होतो तर बायकोने टिकल्यांचे पाकीट पुढे केले. तिच्या मते गाडीला एवढे तरी सौभाग्यलेणे हवेच होते. पहिली टिकली लाल, मग मरून, मग हिरवी. टिकल्यांमधली अंतरे सारखी पडली नाहीत, कारण टाकी काही चौकोनी डबा नसते आणि दांडी फिरते ती कमानीतून. त्यामुळे पेट्रोल सारखे ओतले तरी काटा सारखा चढत नाही. अर्ध्याची खूण आणि अर्धी टाकी यांची गाठ जगातल्या फार थोड्या गाड्यांत पडते. निवृत्त विज्ञान शिक्षक शेजारून हे पाहायला आले होते. त्यांनी अंगणातल्या मातीत आलेख काढला आणि कोणीही विचारले नसताना तो समजावून सांगितला.

काटा खरा झाला. आणि मग मला काकांचे 'कोणाला सांगू नकोस' उमगले.

इतकी वर्षे कोणी गाडी मागायला आले की काका त्याला सन्मानाने पुढच्या सीटवर बसवत, चावी फिरवत, दिवे लावत आणि काट्याकडे बोट करत. काटा ईवर. मागणारा स्वतःच म्हणे, "ऱ्हवांदे, मी एसटीनं जातंय." कोणाचे मन दुखावले नाही, कोणाला नकार द्यावा लागला नाही, आणि गाडी पडवीत राहिली. आता काच पुसून टिकल्या लावलेला काटा बाहेरून, खिडकीतून वाचता येतो. आमच्या वाडीतले लोक येता-जाता वाचतात. परवा मेहुणे आले, चपला काढायच्या आधी गाडीत डोकावले. "चार टिकल्यो आसत. सावंतवाडी करून येवक बक्कळ." भजनी मंडळाने आंगणेवाडीच्या जत्रेला किती टिकल्या लागतील याचा हिशेब करून ठेवला आहे. बायकोच्या माहेरी तर टिकल्या फोनवर विचारतात.

शेवटी मेस्त्रींना गाठले. म्हटले, काटा पूर्वी होता तसा करता येईल काय?

मेस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. "येयत. पण पैशे जास्ती पडतले."

"दुरुस्तीपेक्षा?"

"खरो करूक काय, एकच तऱ्हा. खोटो कसो होयो ता तुमी सांगतल्यात, मगे तसो बसवक येळ लागतलो." जरा थांबून ते पुढे म्हणाले, "आणि दिसाचो एक, रातचो एक होयो आसलो तर आदीच सांगा."